बुचाची कंपनी: माझदा घेण्याआधी मालकांचं समाधान कसं तपासावं

भाच्याचा निरोप आला: "मावशी, माझदा गाड्यांचे मालक जाम खूश आहेत म्हणे. आकडे बघितलेत मी. घेऊ का?"

मी उलट विचारलं, "गाडी घेऊन किती दिवस झाल्यावर विचारलं होतं त्यांना?"

त्यावर बराच वेळ नुसत्या दोन निळ्या खुणा. मग, "ते नाही बघितलं."

माझी सगळी नोकरी कारखान्याच्या तपासणी खात्यात गेली. ३१ वर्षं मायक्रोमीटर, बोअर गेज आणि फीलर गेज या मापं घेणाऱ्या उपकरणांच्या संगतीत काढली. त्या नोकरीने एक खोड लावली: कुणी आकडा सांगितला की तो कुठल्या गेजने, कधी आणि कुणी घेतला हे आधी विचारायचं. गरम जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, मशीनवरून काढून लगेच मोजला तर मापात दिसतो, थंड झाल्यावर तोच अंडरसाइझ, मापाहून लहान, निघतो. गाडीच्या मालकाचंही तसंच असतं. त्याला गरम असताना विचारलं की थंड झाल्यावर, यावर सगळं उत्तर अवलंबून.

म्हणून भाच्याला जे करायला लावलं ते इथे क्रमाने लिहितेय. गाडी माझदा या जपानी कंपनीची आहे, कारण त्याला तीच हवी होती. पण या कामासाठी तिच्याइतकी चांगली कंपनी दुसरी सापडणार नाही. का, ते पुढे येईलच.

आधी तारीख बघ

माझी आधीची गाडी दुसऱ्याच एका कंपनीची होती. नाव सांगत नाही. घेतल्यावर तिसऱ्या महिन्यात फोन आला, समाधानी आहात का? मी दहापैकी नऊ दिले. नव्या सीटचा वास अजून गेला नव्हता, देणार नाही तर काय! त्याआधी विकणाऱ्या पोराने हात जोडले होते, "मॅडम, दहाच द्या, नऊ दिले तरी आमच्याकडे नापास धरतात." पाचव्या वर्षी त्या गाडीचा गिअरबॉक्स गेला. चढावर गाडी नुसती गुरगुरायची, पुढे जायची नाही. तेव्हा मात्र मला कुणीच फोन केला नाही. माझे नऊ गुण कुठल्या तरी तक्त्यात अजून चमकत असतील.

तर पहिलं काम हे. जे. डी. पॉवर या अमेरिकी संस्थेची तीन सर्वेक्षणं सगळ्यात जास्त फिरतात आणि लोक त्यांची खिचडी करतात. एकात पहिल्या ९० दिवसांतल्या तक्रारी मोजतात. दुसऱ्यात ३ वर्षं जुन्या गाडीच्या पहिल्या मालकाला गेल्या १२ महिन्यांतल्या तक्रारी विचारतात. या दोन्हींत आकडा असतो १०० गाड्यांमागे तक्रारी किती, म्हणजे कमी तितका चांगला. तिसरं मन किती रमलं याचं, त्यात १००० पैकी गुण, म्हणजे जास्त तितका चांगला. भाच्याने पहिल्याचा आणि तिसऱ्याचा आकडा शेजारी शेजारी मांडून सरासरी काढली होती. मी काही बोलले नाही. इंजिनिअर आहे तो, समजून घेईल.

कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेचं आणखी वेगळं. ते आपल्या सभासदांना विचारतात की सगळं धरून बघता हीच गाडी पुन्हा घ्याल का. हा प्रश्न मला आवडतो, यात फार लबाडी करता येत नाही. शिवाय समाधान आणि टिकाऊपणा ते वेगवेगळे मोजतात. २०२० च्या त्यांच्या टिकाऊपणाच्या यादीत माझदा पहिली होती, टोयोटा आणि लेक्ससच्याही पुढे. हे वाचून भाचा उडालाच. मी म्हटलं, थांब.

मग बघ, मोजलं काय

१०० गाड्यांमागच्या तक्रारींत एक गंमत असते. इंजिन बंद पडलं तरी एक तक्रार, आणि रेडिओचं स्टेशन लावता येत नाही म्हणून चिडलात तरी एकच. आमच्या खात्यात याला कुणी मान्यता दिली नसती. आम्ही दोष क्रिटिकल, मेजर आणि मायनर असे वेगळे लिहायचो. तेव्हा आकडा दिसला की खाली कुठल्या भागाची तक्रार आहे ती फोड शोधायची. फोड नसेल तर तो आकडा गप्पांपुरता ठेवायचा.

माझदाच्या बाबतीत हे फार लागू पडतं. गाडी चालवताना डोळे रस्त्यावरून हटू नयेत म्हणून या लोकांनी वर्षानुवर्षं पडद्याला हात लावण्याऐवजी दोन सीटच्या मधलं एक गोल बटण फिरवायला लावलं. गाडी चालू लागली की पडदा बोटाला दाद द्यायचा नाही. २०१९ च्या माझदा ३ मध्ये तर स्पर्शाची सोयच काढून टाकली. ज्यांना फोनची सवय, ते वैतागले. ज्यांना गाडी चालवायला आवडते, ते म्हणाले की हेच बरोबर. बिघाड कुठेच नाही, पण काहींच्या हिशेबी तक्रार, काहींच्या हिशेबी समाधान. शेवटी कंपनी नमली. २०२५ मध्ये दाखवलेल्या तिसऱ्या पिढीच्या सीएक्स-५ मध्ये ते बटण गेलं आणि मोठा टचस्क्रीन आला. आता पूर्वीचे खूश मालक नाराज होतील आणि नाराज होते ते खूश. तू कुठल्या गटातला, हे तुझं तुला ठाऊक हवं.

आणखी एक बारीक गोष्ट. सर्वेक्षण कुठल्या देशातलं? माझदाच्या २.२ लिटर डिझेल इंजिनाच्या काजळीच्या तक्रारी जपान, युरोप आणि ऑस्ट्रेलियात पुष्कळ झाल्या. पण अमेरिकेत ते डिझेल २०१९ च्या सीएक्स-५ मध्ये जेमतेम एक वर्ष विकलं गेलं. म्हणजे अमेरिकी यादीत माझदा पहिली आली तेव्हा तिचं सगळ्यात दुखरं इंजिन परीक्षेला जवळजवळ बसलंच नव्हतं.

१९७३ ची गोष्ट

मालकाचं समाधान मोजण्याचा धंदा आणि माझदा यांचं नातं जुनं आहे. जेम्स डेव्हिड पॉवर याने १९६८ मध्ये आपली संस्था काढली ती घरातल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर. भरून आलेल्या प्रश्नपत्रिकांची मोजदाद त्याची बायको ज्युली करायची. त्यांनी माझदाच्या रोटरी इंजिनाच्या मालकांना पत्रं पाठवून विचारलं, आणि ३० ते ५० हजार मैलांच्या दरम्यान पाचातल्या एका गाडीत ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारं रबरी कडं, निकामी झाल्याचं निघालं. १९७३ मध्ये ही बातमी वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये छापून आली आणि जे. डी. पॉवर हे नाव रातोरात सगळ्यांना कळलं.

मला या गोष्टीत मैलांचा आकडा महत्त्वाचा वाटतो. त्याच मालकांना तिसऱ्या महिन्यात विचारलं असतं तर काय म्हणाले असते? अहो, काय इंजिन आहे, शिवणयंत्रासारखं फिरतं! आणि ते खरंच होतं. रोटरीत पिस्टन वर-खाली होत नाही, तीन कोनांचा रोटर गोल फिरतो, त्यामुळे थरथर जवळजवळ नाहीच. समाधानही खरं आणि ओ-रिंगही खरी. मधे होते फक्त ३० हजार मैल.

कंपनीचा इतिहास वाच, पण दोष शोधायला

इतिहास म्हटलं की लोक संस्थापकाचं बालपण आणि शर्यतीतले करंडक वाचतात. तसा नाही वाचायचा. ही मंडळी कुठे हट्टाला पेटतात, कुठे अडकतात आणि अडकल्यावर काय करतात, एवढंच बघायचं. स्वभाव एकदा कळला की पुढच्या गाडीत काय होईल याचा अंदाज बांधता येतो.

ही कंपनी ३० जानेवारी १९२० रोजी हिरोशिमात सुरू झाली, आणि करायची काय, तर बूच! तोयो कॉर्क कोग्यो हे तिचं नाव. पुढच्या वर्षी जुजिरो मात्सुदा अध्यक्ष झाले. १९२७ मध्ये नावातलं बूच गेलं. मग मशीन टूल्स आली, आणि १९३१ मध्ये माझदा-गो ही तीनचाकी मालगाडी. नाव पारश्यांच्या अहुर मझ्दावरून, आणि मात्सुदा या आडनावाशी जुळणारं. ६ ऑगस्ट १९४५ ला बाँब पडला तेव्हा शहर आणि कारखाना यांच्यामध्ये हिजियामा नावाची टेकडी होती, म्हणून कारखाना बराचसा वाचला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीनचाकी पुन्हा बाहेर पडू लागली. पहिली मोटारगाडी मात्र १९६० ची, आर३६० कूपे: ३५६ सीसीचं इंजिन आणि वजन अवघं ३८० किलो.

मग रोटरी. मूळ कल्पना जर्मन, फेलिक्स वँकेल हा इंजिनिअर आणि एनएसयू ही कंपनी यांची. माझदाने १९६१ मध्ये परवाना घेतला. छोटी कंपनी होती, मोठ्या कंपनीत विलीन व्हायची भीती, म्हणून कुणाकडे नाही असं काहीतरी हवं होतं. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअर बसवले. इंजिन चालवलं की आतल्या क्रोमच्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे पडायचे. ते त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं. अहो, हा तर चॅटर! लेथवर काम केलेल्या कुणालाही विचारा. टूल सैल असलं किंवा जॉब फार बाहेर आला असला की कापताना किर्र आवाज होतो आणि फिनिशवर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी उमटते. बोटाचं नख फिरवलं तरी कळते. इथे टूलच्या जागी होतं रोटरच्या टोकाचं सील, म्हणजे फट बंद करणारी पट्टी, ज्याला एपेक्स सील म्हणतात. ते आपल्याच कंपनात थरथरायचं. त्यांनी सीलला उभी-आडवी भोकं पाडून त्याचं कंपन बदललं तेव्हा ओरखडे थांबले. पण विक्रीच्या गाडीत शेवटी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेलं सील बसवलं. ३० मे १९६७ ला कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली.

आता मुद्दा बघ. बुचाचं काम काय? गळती थांबवणं. बुचापासून निघालेल्या कंपनीने पुढची साठ वर्षं एकाच प्रश्नाशी झुंज घेतली: फिरणाऱ्या गोष्टीभोवती गळती कशी रोखायची. एपेक्स सीलचं त्यांनी सोडवलं. आणि १९७३ मध्ये पकडले गेले कुठे? शेजारच्या ओ-रिंगवर, पाणी रोखणाऱ्या.

असं का झालं असावं? १९६८ मध्ये त्यांनी दोन कॉस्मो जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या ८४ तासांच्या शर्यतीत उतरवल्या. एक चौथी आली, दुसरी ८२ व्या तासाला मागच्या ॲक्सलमुळे बाहेर पडली. इंजिनं टिकली. पण शर्यतीत इंजिन तापतं ते तापलेलंच राहतं. माणसाच्या गाडीत ते रोज सकाळी तापतं आणि रोज रात्री निवतं, असं हजारो वेळा. रबराला मारतं ते हे तापणं-निवणं. वर्षानुवर्षांची सकाळ-संध्याकाळ ८४ तासांत कशी कोंबणार? नव्या तंत्राची कंपनीने घेतलेली चाचणी कितीही कडक असली तरी शेवटची चाचणी पहिल्या वर्षीचे मालकच घेतात, आणि तीही पदरचे पैसे देऊन.

त्यानंतर तेलसंकट आलं, पेट्रोल पिणारी रोटरी कुणालाच नको झाली, सुमितोमो बँकेने कंपनी सावरली. तरी रोटरी सोडली नाही! १९७८ मध्ये आरएक्स-७ आणली. १९७९ मध्ये फोर्डने हिस्सा घेतला. १९८९ मध्ये रोडस्टर, जिला बाहेरच्या देशांत एमएक्स-५ म्हणतात, आणि १९९१ मध्ये फ्रान्समधली ल मान्सची शर्यत जिंकणारी पहिली जपानी गाडी, ७८७बी, रोटरीच. याच सुमारास जपानात एकदम पाच वेगवेगळ्या नावांची विक्री साखळी काढून ठेवली, ती अंगाशी आली, १९९६ मध्ये फोर्डचा हिस्सा ३३.४ टक्क्यांवर गेला. पुढे फोर्ड हळूहळू बाहेर पडला. २०१२ पासून स्कायॲक्टिव्ह नावाखाली इंजिन, गिअरबॉक्स, सांगाडा सगळं एकदम नवं केलं. आजही हट्ट कायम आहे: २०२३ मध्ये एमएक्स-३० मध्ये ८३० सीसीची रोटरी परत आली, पण आता चाकं फिरवायला नाही, बॅटरी भरायला.

यातून भाच्याने वहीत दोन ओळी लिहिल्या आणि त्या मला पटल्या. एक: हे लोक इतरांनी सोडलेला रस्ता धरतात, म्हणून यांची पहिल्या वर्षीची गाडी घ्यायची नाही. दोन: धरलेलं सोडत नाहीत, म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षी तीच गोष्ट बहुतेक सुधारलेली असते.

एक पान आखून घे

वहीचं एक आडवं पान. चार रकाने: वर्ष, त्या वर्षी नवं काय आलं, तक्रार काय निघाली, किती काळाने निघाली. मॉडेलचं नाव वर लिहू नकोस, इंजिन आणि गिअरबॉक्स लिही. एकाच नावाखाली वेगवेगळी इंजिनं विकतात. युरोपातल्या स्कायॲक्टिव्ह पेट्रोलचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते तो आकडा, १४ ला १ होता, अमेरिकेत १३ ला १. गाडी दिसायला तीच.

त्या पानावर काय काय उतरलं ते नमुन्यादाखल सांगते. आरएक्स-८, २००३ पासून: अमेरिकेत कंपनीने २००४ ते २००८ च्या गाड्यांच्या रोटरी इंजिनाची हमी पुढे ८ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली. हमी नंतर वाढवली असं कुठेही वाचलंस की खाली लाल रेघ मार, कारण कंपनी स्वतःच्या खिशाला उगीच चाट लावत नाही. मग २०१८-१९ च्या काही सीएक्स-५, माझदा ६ आणि २०१९ ची माझदा ३: कमी भारावर दोन सिलिंडर झोपवणारी सोय नवीन आली आणि २०१९ मध्ये तिच्या संगणकाच्या प्रोग्रॅमसाठी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. बघ, पुन्हा नवं तंत्र, पुन्हा पहिली तुकडी. २०२३ च्या सीएक्स-९० मध्ये सहा सिलिंडरचं नवं इंजिन, नवा ८ गिअरचा बॉक्स आणि मागच्या चाकांना ओढ देणारा नवा सांगाडा एकदम आला. त्या ओळीचा तिसरा रकाना मी त्याला पेन्सिलीने भरायला सांगितलं.

सगळ्याच परत बोलावण्यांना घाबरायचं नाही. २०११ मध्ये अमेरिकेत माझदा ६ परत बोलावल्या त्या कोळ्यांमुळे! पिवळ्या रंगाची एक जात पेट्रोलच्या वासाला भुलून टाकीच्या हवेच्या नळीत जाळी विणायची. २०१४ मध्ये पुन्हा तेच. हे वाचून आम्ही दोघं इतकं हसलो की चहा निवला. अशी नोंद तिसऱ्या रकान्यात नको, समासात ठेव.

मालकाला काय विचारायचं

तक्ता झाला की एक तरी मालक गाठायचा. "गाडी कशी आहे?" असं विचारायचं नाही. त्यावर "मस्त" हेच उत्तर येतं, कारण आपण फसलो हे कुणाला सांगायला आवडतं?

आम्ही २०१७ ची पेट्रोल माझदा ३ बघायला गेलो होतो. मालकीणबाई शिक्षिका. भाच्याने सुरुवातच केली, "ॲव्हरेज किती देते?" बाईंनी तोंडपाठ आकडा सांगितला. मी मधे पडले. "मागच्या वेळी टाकी कधी भरलीत? किती लिटर बसलं?" त्यांनी पर्समधून पावती काढली, मग आणखी तीन पावत्या निघाल्या. बेरीज केली तर तोंडी आकड्यापेक्षा लिटरमागे दीड किलोमीटर कमी. बाई खोटं बोलत नव्हत्या. त्या गाडीच्या पडद्यावरचा आकडा सांगत होत्या, आणि तोही एका लांबच्या प्रवासानंतर पाहिलेला.

दुसरं मी विचारलं, "या गाडीतली कुठली गोष्ट तुम्हाला सुरुवातीला नकोशी झाली?" त्या हसल्या. म्हणाल्या, ते मधलं गोल बटण; दोन महिने त्याला शिव्या दिल्या, आता पडद्याकडे न बघता फिरवते, उलट आवडतं. नवऱ्याला मात्र अजून जमत नाही. एका गाडीची दोन समाधानं, एकाच घरात.

तिसरं, "सर्व्हिसिंगचं शेवटचं बिल बघू?" बिलात काय केलं यापेक्षा काय सुचवलं आणि त्यांनी काय नाकारलं ते वाचायचं. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं ते. आणि शेवटी, "विकताय का, आणि याजागी काय घेताय?" हा प्रश्न सगळ्यात मोलाचा. पुन्हा तीच कंपनी घेणारा माणूस तुला दहा तक्रारी सांगत असला तरी तो समाधानी आहे. बाई थोडी मोठी माझदा घेत होत्या.

आणि कुणाचं ऐकतोयस ते ओळख. रोडस्टरवाला कधी कुरकुरत नाही. दोनच सीट, सामानाला जागा जेमतेम, हे त्याने आधीच पत्करलेलं असतं. त्याचे गुण बघून तू पाच माणसांची गाडी घेतलीस तर फसशील. रोटरीवाले तर वेगळीच जात. त्यांचं इंजिन तेल पितंच, कारण सील ओलं राहावं म्हणून थोडं तेल आत मुद्दाम सोडतात. जुना रोटरीवाला पेट्रोल भरताना डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पट्टी, काढून बघतो आणि खूश असतो. ज्याला हे कुणी सांगितलं नाही तो एक दिवस कोरडं इंजिन घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहतो.

हात काळे करायचे ते इथे

गाडी बघायला दिवसाउजेडी आणि इंजिन थंड असताना जायचं. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर बॉनेटला हात लावताच कळतं. दुसऱ्या दिवशी येतो म्हणायचं.

जुन्या माझदात, विशेषतः पहिल्या पिढीच्या माझदा ३ मध्ये, हिवाळ्यात मीठ टाकतात तिथल्या रस्त्यांवर मागच्या चाकांच्या कमानी गंजतात, हे सर्वश्रुत आहे. कमानीची कड आतून चाचपायची. रंगाखाली फुगवटा, बोटाला खरखर, किंवा चिखलाचा ओला थर दिसला की टॉर्च लाव. लोहचुंबक एका पातळ कापडात गुंडाळून कडेने सरकव. जिथे ओढ कमी लागते तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. शिक्षिकाबाईंच्या गाडीत चुंबक सगळीकडे सारखा चिकटला. आत फक्त वाळलेली पानं होती.

डिझेल असेल तर डिपस्टिक काढ आणि वरच्या खुणेच्याही वर एक फुलीची खूण असते ती शोध. धूर गाळणारी जाळी साफ करताना इंजिन जास्तीचं डिझेल फवारतं, त्यातलं थोडं पिस्टनच्या रिंगांवरून खाली ओघळून तेलात मिसळतं. म्हणून या इंजिनात तेल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसू शकतं. फुलीला टेकलं असेल तर तेल बदलायची वेळ टळून गेलीय. छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्याची डिझेल गाडी तर आपण होऊन घेऊच नये, मग तिचे मालक कितीही खूश असोत.

रोटरी असेल तर साध्या कॉम्प्रेशन गेजवर विसंबू नको. एका रोटरला तीन बाजू, आणि साधा गेज फक्त सगळ्यात चांगल्या बाजूचा दाब धरून ठेवतो. बाकी दोन मेलेल्या असल्या तरी सुई छान दिसते. रोटरीचा खास टेस्टर असलेला मेकॅनिक शोध, नाहीतर गेजचा व्हॉल्व्ह दाबून धर आणि सुईच्या उड्या बघ: तीन उड्या सारख्या उंचीच्या हव्यात. एक बसकी दिसली की निघ तिथून.

पेट्रोल पिस्टनवाल्यात एवढं काही नाही. थंड इंजिन चालू करून आवाज ऐक, चालवून बघ, ब्रेक दाबून स्टीअरिंग थरथरतं का पाहा, चासी नंबर टाकून परत बोलावणीची कामं झालीत का ते कंपनीकडून तपास. झालं.

घेतल्यावर

भाच्याने बाईंची गाडी घेतली. मी त्याला एक लांबट वही दिली, आमच्या खात्यात असायची तसली. दर वेळी पेट्रोल भरलं की तारीख, किलोमीटर, लिटर. महिन्याच्या पहिल्या रविवारी टायरमधली हवा आणि तेलाची पातळी. आवाज, वास, पडद्यावर आलेला दिवा, काहीही असलं तरी त्याच दिवशी, आठवणीवर सोडायचं नाही. शेवटच्या रकान्यावर मी लिहून दिलं: पुन्हा घेशील का? तो दर सहा महिन्यांनी भरायचा आणि मागचं उत्तर कागदाने झाकून भरायचा.

पहिल्याच दिवशी त्याने तिथे 'हो' लिहून टाकलं, पुढे दोन उद्गारचिन्हं. मी रबर दिलं आणि खोडायला लावलं.